दगडाला कोंदण: सुइसेकीसाठी दाइझा कसा घडवावा

हातात धरला की डोंगर दिसतो, टेबलावर ठेवला की एका कुशीवर कलंडतो आणि नुसता दगड होऊन बसतो. नदीतून मनाजोगता दगड घरी आणलेल्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. दगडाचा तळ सपाट नसतो, त्यामुळे ज्या कोनात तो डोंगर वाटला होता त्या कोनात तो आपला आपण उभा राहत नाही. त्याला नेमक्या त्याच कोनात, जमिनीतून वर आल्यासारखा बसवणारी लाकडी बैठक म्हणजे दाइझा.

सुइसेकी ही निसर्गात घडलेला दगड मांडून पाहायची जपानी कला. लांबचा डोंगर दिसणाऱ्या दगडाला तोयामा-इशी म्हणतात, धबधबा दिसणाऱ्याला ताकी-इशी, बेटासारख्याला शिमागाता-इशी, गवती छपराच्या झोपडीसारख्याला कुझुया-इशी. क्योतोची कामो, शिगा प्रांतातली सेता, तोत्तोरीतली साजी या नद्या अशा दगडांसाठी नावाजलेल्या आहेत. दगड मांडायच्या दोन मुख्य रीती. एक म्हणजे सुइबान, चिनीमातीचं उथळ तबक, ज्यात वाळू पसरून दगड ठेवतात (तेच तबक कांस्याचं असलं की दोबान). दुसरी रीत दाइझाची. सम्राट गो-दाइगोशी ज्याचं नातं सांगतात तो दगड ‘युमे नो उकिहाशी’, म्हणजे ‘स्वप्नातला तरंगता पूल’, आज नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात आहे. तो पुलासारखा दोन टोकांवर टेकतो आणि मधे किंचित पोकळी राहते. त्याला तबक पुरतं. असं भाग्य फार थोड्या दगडांचं. बाकीच्यांना दाइझा लागतो.

आपल्याकडे सोनार खड्यासाठी कोंदण करतो. खडा कोंदणासाठी घासत नाहीत, कोंदण खड्यासाठी वळवतात. दाइझाचं काम अगदी तसंच आहे, आणि पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीवर उभी आहे. जपानमध्येही तळ कापून सपाट केलेले दगड विकायला असतात. पण मी दगडाला करवत लावत नाही, आणि तुम्हीही लावू नये असं मनापासून सांगतो. वळायचं ते लाकडानं.

दगडाची ओळख

पहिल्या दाइझासाठी दगड १२ ते १८ सेंटिमीटर लांबीचा, कठीण आणि तळाला साधारण फुगीर असा निवडा. तळाला खोल खाचा असतील तर तो तिसऱ्या-चौथ्या वेळेसाठी ठेवून द्या. सह्याद्रीतल्या नद्यांचा काळा बेसॉल्ट या कामाला उत्तम, फक्त जाळीदार, छिद्रांचा नको. त्याचे कपचे उडतात आणि खुणांचा खडू छिद्रांत अडकून बसतो. अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून किंवा गडकिल्ल्यांवरून दगड उचलू नका. आणि जिथून उचलाल तिथून एकच उचला.

काथ्याचा ब्रश आणि पाणी एवढ्यानंच दगड धुवा. ॲसिड नको, चकाकीसाठी तेलही नको. जपानी लोक दगड वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवून, रोज पाणी शिंपडून त्याला मुरवतात. त्याला योसेकी म्हणतात. तो मुरलेला रंग तेलानं एका दिवसात मिळत नाही, मिळतो तो फक्त तेलकटपणा. धुतल्यावर दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्या. ओलसर दगड लाकडात बसवला की लाकडाला डाग पडतो.

आता लगेच पटाशी हातात घेऊ नका. परातीत वाळू भरा, दगड तीत रोवा आणि येता-जाता नजर पडेल अशा जागी आठ दिवस ठेवा. रोज थोडा फिरवा, थोडा कलता करा. सर्वात उंच शिखर मधोमध न येता एका बाजूला, साधारण एक-तृतीयांशावर येतं का बघा. पायथ्याचे दोन्ही हात किंचित पुढे, पाहणाऱ्याकडे यावेत आणि दगड मागे रेलल्यासारखा दिसू नये. आठव्या दिवशीही तोच कोन आवडला तर तो पक्का.

मग पाणरेषा काढायची. दाइझाचा काठ दगडाला जिथे भिडणार ती ही रेषा. दगडाखाली मुलांची तेलकट क्ले लावून तो ठरलेल्या कोनात एका रुंद ट्रेमध्ये घट्ट बसवा. शाडू चालणार नाही, ती पाण्यात विरघळते. ट्रे पाणसळीनं समतल करा आणि हळूहळू पाणी ओता. पाणी ज्या उंचीला आल्यावर दगड बेटासारखा, आपल्या पायावर उभा वाटेल तिथे थांबा. पाण्याच्या कडेनं पांढऱ्या पेन्सिलीनं चहूबाजूंनी रेषा ओढा. डोळ्यांनी अंदाजानं काढलेली रेषा मागच्या बाजूला हमखास वर-खाली होते, पाण्याची होत नाही.

एक तपासणी इथेच करा. रेषेच्या खाली दगड रेषेपेक्षा रुंद होत असेल तर तो लाकडात वरून सरळ उतरणारच नाही. अशा वेळी रेषा त्या फुगीर भागावर आणावी लागते.

लाकूड

जपानमध्ये दाइझासाठी करिन, शितान, कोकुतान म्हणजे एबनी, केयाकी, कुवा म्हणजे तुती अशी घट्ट लाकडं वापरतात. करिन म्हणजे आपल्या बिबळ्याचा सख्खा भाऊ, दोघंही एकाच कुळातले. त्यामुळे बिबळा मिळाला तर जपानी दाइझाच्या रंगाच्या आणि पोताच्या फार जवळ जाता येतं. फक्त त्याचा रंग पाण्यात उतरतो. बिबळ्याच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. म्हणून फिकट दगडाखाली बिबळा नको. शितानच्या जागी शिसव चालते, किंबहुना मला तीच सर्वात आवडते: रेषा बारीक, कड सुबक निघते, रंग आधीच गडद. तिची धूळ मात्र अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला बाधते, तेव्हा मास्कशिवाय घासायची नाही. सागवान सगळीकडे मिळतं आणि हवामानाला फारसं हलत नाही, पण त्यातल्या वाळूच्या अंशामुळे पटाशीची धार लवकर जाते. हात बसवायला पहिला दाइझा शिवणीचा करा. लाकूड मऊ, कोरायला गुणी, चूक झाली तरी जीव हळहळत नाही. आंबा टाळा, त्याला कीड लागते.

वखारीतल्या नव्या फळीपेक्षा जुनं लाकूड केव्हाही बरं. मोडलेल्या खाटेचा पाय, वाड्याच्या चौकटीचा तुकडा, जुन्या पाटाचं लाकूड. पन्नास वर्षं घरात काढलेलं लाकूड नीट मुरलेलं असतं. खिळे आहेत का ते चुंबक फिरवून बघा. तुकडा गाभ्याचा हवा, सालीजवळचा पांढुरका नको, आणि काठाच्या रेषेवर गाठ येता कामा नये. तंतू दगडाच्या लांबीच्या दिशेनं ठेवा.

जाडीचा हिशोब असा. माझ्यासमोर आत्ता एक काळा दगड आहे, १९ सेंटिमीटर लांब, ९ रुंद, ८ उंच. पाणरेषेखाली त्याचा सर्वात खोल बिंदू ९ मिलिमीटरवर. त्याखाली तळाचं लाकूड ५ मिलिमीटर, पाय ५ मिलिमीटर, मिळून १९. घासण्यात जाणारं धरून २४ मिलिमीटरची फळी घेतली. लांबी-रुंदीला चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर जादा ठेवली. दगडाचा एखादाच बिंदू फार खोल जात असेल तर फळी जाड करू नका, त्या बिंदूखाली पाय येईल अशी योजना करा. जाड दाइझा दगडाला खुजा करतो.

हत्यारं आणि आखणी

सरळ पटाशी ६ आणि १२ मिलिमीटरची, गोल पटाशी ६ आणि १० ची, एक लहान वाकडी गोल पटाशी, लाकडी हातोडा, ड्रिल, गुण्या, कानस, सी-क्लॅम्प, पॉलिश पेपर. एवढ्यात पूर्ण दाइझा होतो. ज्यांच्याकडे राउटर किंवा डाय ग्राइंडर आहे त्यांचा पोकळी काढायचा वेळ वाचेल, पण शेवटची जुळणी हातानंच करावी लागते. धार मात्र रोज लावा. आमच्या आळीतले सुतारकाका पटाशी मनगटाच्या केसांवर फिरवून बघायचे आणि केस उतरला नाही तर कामाला हात लावायचे नाहीत.

दगड क्लेच्या गोळ्यांवर, त्याच कोनात, फळीच्या वर उभा करा. पेन्सिल मधोमध उभी चिरून अर्धी करा, म्हणजे सपाट बाजू दगडाला टेकते आणि शिसं दगडाच्या अगदी लगत चालतं. पाणरेषेपासून गुण्यानं सरळ खाली उतरत फळीवर ठिपके घ्या आणि ते जोडा. दगड पाणरेषेच्या वर बाहेर झुकलेला असेल तर पेन्सिल आत पोचत नाही. तिथे पुठ्ठ्याच्या दोन अर्ध्या कड्या करा, एक पुढून आणि एक मागून, कात्रीनं कातरत कातरत पाणरेषेला भिडवा आणि त्यांचीच आतली कड फळीवर उतरवा. याला तास गेला तरी जाऊ द्या. फळीवर आणि दगडावर ‘पुढे’ अशी बाणाची खूण आत्ताच करा.

पोकळी

बाहेरचा आकार अजिबात कापायचा नाही. फळी चौकोनीच राहू द्या. ती क्लॅम्पमध्ये नीट धरता येते आणि कोरताना काठ फुटत नाही. बाहेरचा आकार आधी कापून मग आत कोरायला बसलेले मी बरेच पाहिलेत, आणि त्यांचे काठ एका तरी जागी तुटतातच.

ड्रिलच्या बिटावर ५ मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा आणि आखलेल्या रेषेच्या दोन मिलिमीटर आतून भोकं पाडत जा. मधल्या भिंती गोल पटाशीनं काढा. मग रेषेच्या एक मिलिमीटर अलीकडेपर्यंत सरळ पटाशी उभी धरून या. तंतूंच्या आडव्या बाजूला पटाशी नेहमी काठाकडून आत चालवा. उलट चालवली की कपचा उडून जातो.

आता जुळणी सुरू, आणि खरं काम हेच.

दगडाच्या तळाला निळा खडू चोळा. दगड दोन्ही हातांनी, बाण बाणाला जुळवून, सरळ खाली उतरवा. तळहातानं हलकासा दाब द्या. हलवायचा नाही, घासायचा नाही. सरळ वर उचला. लाकडावर दोन-तीन निळे ठिपके दिसतील, तेवढेच दगडाला लागलेले. तेवढेच खरवडा, कागदाच्या जाडीएवढे. ब्रशनं भुसा झाडा. पुन्हा खडू, पुन्हा दगड, पुन्हा ठिपके. पहिल्या आठ-दहा फेऱ्यांत दगड भरभर खाली जातो आणि वाटतं, संध्याकाळपर्यंत झालं. मग ठिपके वाढू लागतात, पाचाचे पंधरा होतात, आणि एका फेरीत दगड केसभर उतरतो. त्या १९ सेंटिमीटरच्या दगडाला मला साठच्या वर फेऱ्या लागल्या, तीन रविवार. जिथे खूण नाही तिथे पटाशी लावायची नाही हा नियम थकल्यावर मोडतो. थकलात की हत्यार खाली ठेवा.

सुरुवातीला मी खडूऐवजी लिपस्टिक वापरली होती. ठिपका स्पष्ट उठतो म्हणून बरेच जण ती सुचवतात. पण तिच्यात मेण आणि तेल असतं. माझ्या त्या करड्या दगडाच्या छिद्रांत गेलेला लाल रंग आजही तिथे आहे, आणि लाकडावर जिथे ती मुरली तिथे पॉलिश धरलं नाही. खडू पुरत नसेल तर कार्बन पेपरचे लहान तुकडे मधे ठेवा, डाग पडत नाही.

दगड पाणरेषेपासून दोन मिलिमीटर वर असताना काठाकडे वळा. आतापर्यंत राखलेला एक मिलिमीटर इथे कामी येतो. काठाची आतली कड दगडाच्या प्रत्येक उंचवट्यामागे आणि खळग्यात शिरली पाहिजे. लहान चाकूनं, टोकाच्या कानशीनं, खुणा बघत बघत. पूर्ण झाल्यावर वजन कुठे पेललं जातं हे महत्त्वाचं: दगड तळावरच्या तीन बिंदूंवर, त्रिकोणात टेकला पाहिजे, आणि काठ त्याला फक्त स्पर्श करणारा हवा. दगड काठात पाचरीसारखा अडकला तर वजन काठावर येतं आणि काठ कधी तरी फुटतो. म्हणून टेकणारे तीन बिंदू ठरवून बाकीचा तळ अर्धा मिलिमीटर जास्त खोल करा.

परीक्षा तीन. बोटांनी दगडाच्या कडा आळीपाळीनं दाबा. ‘टक्’ आवाज आला तर तो अजून डुलतोय. पातळ कागदाची पट्टी काठावरून फिरवा. ती कुठे आत सरकली तर तिथे फट आहे. खोली अंधारी करून मागून टॉर्च धरा. प्रकाशाची रेघ दिसू नये.

फट राहिलीच तर भुसा आणि फेविकॉल भरू नका. ती खपली कायम दिसते. बहुतेक दगड वर रुंद होत जातात, तेव्हा तळाचे तीन बिंदू अर्धा मिलिमीटर खाली न्या. दगड खाली बसतो आणि रुंद भाग फट भरून काढतो. मग काठ पुन्हा जुळवायचा. वेळ लागतो, पण दुसरा चांगला उपाय मला माहीत नाही.

कधी कोरावं

हे मी मोठं नुकसान करून शिकलो. माझा पहिला नीट जमलेला दाइझा जुलैत पूर्ण झाला होता, इतका घट्ट की दगड उचलला तर दाइझाही उचलला जायचा, आणि मला त्याचा केवढा आनंद. एप्रिलमध्ये एका दुपारी दुसऱ्या खोलीतून खट्कन आवाज आला. येऊन बघतो तर डाव्या बाजूनं तंतूंच्या दिशेनं तडा गेलेला.

कारण साधं आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. दहा सेंटिमीटर रुंद फळीत पावसाळा आणि उन्हाळा मिळून अर्धा-पाऊण मिलिमीटरचा फरक सहज पडतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा त्यातली पोकळीही रुंदावते. उन्हाळ्यात ते आकसतं तेव्हा पोकळीही आकसते. दगड काही आकसत नाही. म्हणजे जुलैत घट्ट केलेली बैठक एप्रिलमध्ये दगडाला आवळते आणि स्वतः फुटते. याउलट मार्च-एप्रिलमध्ये केलेली बैठक पावसाळ्यात केसभर सैल होते, एवढंच.

तेव्हा शेवटची जुळणी होळीनंतर आणि मृगाच्या आधी करा. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी तर याबाबतीत घाई करूच नये. पोकळी पावसाळ्यात खडबडीत काढून ठेवा, सहा महिने घरातच मुरू द्या, आणि उन्हाळ्यात जुळवा. पुढून-मागून, म्हणजे तंतूंच्या आडव्या दिशेनं, काठ दगडाला जेमतेम स्पर्श करेल, आवळणार नाही, असा ठेवा. दोन्ही टोकांना, लांबीच्या दिशेनं, घट्ट चालेल.

बाहेरचा आकार आणि पाय

दगड आत बसवून काठाबाहेर चार मिलिमीटरवर समांतर रेषा काढा. ही रेषा दगडाच्या वळणांनीच जाते, गोल किंवा लंबगोल करायचा मोह नको. चिनी परंपरेत दगडांच्या बैठकी लाटा, ढग, मुळं कोरून सजवतात, त्याचं सौंदर्य वेगळं. जपानी दाइझा साधा असतो, आणि त्याचं सगळं देखणेपण काठाच्या जाडीत आणि पायांच्या जागेत असतं.

जिगसॉनं किंवा बारीक पात्याच्या करवतीनं रेषेबाहेरून कापा. मग दगड काढून काठ दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा राहील इतका कानशीनं उतरवा. भिंत वरून खाली येताना किंचित बाहेर जाऊ द्या आणि पायाजवळ पुन्हा आत वळवा. उभी सरळ भिंत डब्यासारखी दिसते.

पाय कुठे द्यायचे? दगडाचं वजन डोळ्याला जिथे जाणवतं तिथे. शिखराखाली, आणि बाह्यरेषा जिथे बाहेर फुगते तिथे. जिथे ती आत जाते, दरीसारखी, तिथे पायांमधली कमान येऊ द्या. पुढून पाहताना दोन्ही टोकांना एकेक पाय दिसलाच पाहिजे, नाहीतर दगड हवेत लोंबतो. १९ सेंटिमीटरच्या दगडाला मी पाच पाय ठेवले: दोन टोकांना, एक शिखराखाली पुढे, दोन मागे. पायाची रुंदी त्याच्या उंचीच्या दोन-तीन पट असावी. उंच बारीक पाय स्टुलासारखे दिसतात. पाय त्याच लाकडातून कोरायचे, वेगळे चिकटवायचे नाहीत. त्यांच्या मधला तळ पायांच्या उंचीएवढा खोल करा, पण आतल्या पोकळीचा तळ तिथे किती जाड उरलाय ते आधी मोजा. बोटांच्या चिमटीत अंदाज घेऊन तळाला भोक पाडलेले दाइझे मी पाहिले आहेत.

शेवटी काचेच्या तुकड्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून दाइझा त्यावर गोल फिरवा. सगळे पाय एका पातळीत येतात.

घासणं, रंग, तेल

१२० पासून सुरू करा, १८०, २४०, ३२०, ४००. एकही नंबर गाळू नका. गाळलेल्या नंबरचे ओरखडे तेल लागल्यावर दिसतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. ३२० नंतर ओल्या फडक्यानं पुसा, तंतू उभे राहतील, वाळल्यावर ४०० मारा. काठाची वरची कड गोल करू नका. तिथे एक स्वच्छ बारीक सावली पडते, ती राहू द्या.

दाइझा दगडापेक्षा थोडा गडद किंवा त्याच्याच जोडीचा हवा, आणि चमक मंद. जपानमध्ये उरुशीचे (झाडाच्या चिकाचं रोगण) पातळ हात पुसून पुसून देतात, पण कच्च्या उरुशीनं अंगावर जोरदार पुरळ उठतं आणि ती आपल्याकडे मिळायलाही अवघड. शिवण किंवा साग गडद करायला मी हिरडा आणि लोखंड वापरतो, आपल्याकडच्या काळ्या शाईची आणि काळ्या कापडरंगाची जुनी युक्ती. हिरड्याची पूड गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. दुसऱ्या बरणीत साधं व्हिनेगर आणि लोखंडी काथ्या आठवडाभर ठेवा, झाकण सैल, कारण आत वायू होतो. आधी हिरड्याचं पाणी लावून वाळवा, मग लोखंडाचं. लाकूड डोळ्यांदेखत करडं, मग काळपट होतं. याच लाकडाच्या तुकड्यावर आधी करून बघा. दोन हात आणि तीन हात यांत फार फरक पडतो. शिसवीला आणि बिबळ्याला रंगाची गरजच नाही.

वरून डबल बॉइल्ड जवसाचं तेल फडक्यानं अगदी पातळ लावा, पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसा, दोन दिवस वाळू द्या. असे तीन-चार हात. शिसवीवर तेल लवकर सुकत नाही, तिच्यातलेच अंश त्याला सुकू देत नाहीत. तिच्यावर आधी चपडा लाखेचा पातळ हात द्या, किंवा नुसतं मेण चोळा. आतली पोकळी आणि खालचा तळ यांनाही लाखेचा एक पातळ हात हवाच, नाहीतर एका बाजूनं दमट हवा शिरून लाकूड वाकतं. पातळच, कारण जाड थर बसला की साठ फेऱ्यांची जुळणी बिघडते.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

मांडणी, आणि बोन्साय शेजारी असेल तर

दाइझात बसवलेला दगड थेट जेवणाच्या टेबलावर ठेवला तरी वाईट दिसत नाही, पण त्याखाली एक पातळ फळी आली की त्याला अंगण मिळतं. या फळीला जिइता म्हणतात, पायांच्या चौरंगीला शोकू. दगड फळीच्या मधोमध नको. ज्या दिशेला डोंगराचा उतार लांब जातो त्या बाजूला जास्त मोकळी जागा सोडा. दाइझातला दगड वाळूच्या तबकात कधीच ठेवत नाहीत, दोन जमिनी एकावर एक होतात.

बोन्सायखालच्या चौरंगीसाठी हेच लाकूड आणि हीच हत्यारं चालतात, आणि ती दाइझापेक्षा सोपी, कारण तिथे जुळणी नाही. चौरंगी कुंडीपेक्षा थोडी मोठी असावी. पाइन, ज्युनिपर अशा झाडांना जाड, कोनदार पायांची. मेपलसारख्या पानगळीच्या झाडांना हलकी, वळणदार पायांची. खाली लोंबणाऱ्या केंगाई झाडाला उंच आणि अरुंद. ओली कुंडी लाकडावर गोल डाग पाडते, तेव्हा तिच्या पायांखाली रबराच्या लहान चकत्या ठेवा. तोक्योच्या उएनोमध्ये १९३४ पासून भरणाऱ्या कोकुफू प्रदर्शनाची छायाचित्रं आणि २०१० साली उघडलेल्या ओमिया बोन्साय संग्रहालयातल्या मांडण्या झाडांकडे न बघता फक्त चौरंग्यांसाठी बघा. कुंडीच्या रंगाला लाकडाचा रंग कसा जुळवलाय ते तिथे कळतं, आणि मी माझी पहिली चौरंगी तशीच एका छायाचित्रावरून, स्केलनं मापं काढून केली.

दगड उचलताना नेहमी दोन्ही हातांनी सरळ वर. एका बाजूनं तिरका उपसला की काठ जातो. जपानमध्ये दगड आणि दाइझा दोन्ही किरिच्या हलक्या लाकडी पेटीत ठेवतात आणि पेटीवर दगडाचं नाव लिहितात. पेटी नसेल तर दाइझाच्या तळाला पेन्सिलीनं नदीचं नाव, साल आणि पुढच्या बाजूचा बाण लिहून ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत दगड काढा, पोकळीत वाळवी किंवा बुरशी नाही ना ते बघा, मऊ फडक्यावर दोन थेंब तेल घेऊन काठ पुसा, आणि दगड पुन्हा बाणाला बाण लावून उतरवा.